मासे निवडण्याआधी आपलं पाणी ओळखा : पहिल्या फिश टँकसाठी एकमेकांशी जुळणारे मासे

कोथरूडला भाड्याच्या घरात राहत होतो तेव्हा मी पहिली दोन फुटी टाकी घेतली. दुकानदाराने एकाच फेरीत दोन एंजल, सहा निऑन टेट्रा, चार टायगर बार्ब, गोल्डफिशची एक जोडी आणि काच साफ करायला एक सकर दिला. "सगळे एकत्र राहतात, काळजी करू नका," असंही सांगितलं. गोल्डफिश दहा दिवसांत गेले. टायगर बार्बनी एंजलचे लांब पर कुरतडून कुरतडून दोऱ्यांसारखे केले. निऑन मात्र तीनेक महिने तगले. मग एका सकाळी मोजले तर चारच भरले. दिवा लावला तेव्हा मोठा एंजल कोपऱ्यात स्थिर उभा होता आणि त्याच्या तोंडाच्या कडेला निळ्या रेघेचा इवलासा तुकडा चमकत होता.

पुढे वाचून, विचारून, हळूहळू टाकी नीट बसवली. दुसऱ्या खेपेचे निऑन आणि तळाशी राहणारे कोरीडोरा दोन वर्षं छान राहिले. मग आम्ही वाघोलीला राहायला गेलो. तीच टाकी, तोच फिल्टर, तेच मासे, फक्त पाणी सोसायटीचं. आठ दिवसांत निऑन एकेक करून संपले. कोथरूडला नळाच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ९० च्या आसपास यायचा, वाघोलीच्या बोअर-टँकरच्या पाण्याचा ६४० आला. शेजाऱ्यांच्या टाकीत मात्र त्याच पाण्यात मॉली मजेत पोहत होत्या आणि पिल्लं देत होत्या.

तेव्हापासून कुणी मला "कोणते मासे घेऊ?" असं विचारलं की मी आधी "पाणी कुठलं येतं?" हे विचारतो. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. पायऱ्या उलटसुलट करू नका, मासे आणायची पायरी बरीच खाली आहे.

आधी जमवायच्या वस्तू

- टाकी आणि तिला झाकण (मासे उड्या मारतात, झेब्रा डॅनिओ तर हमखास)
- फिल्टर. दोन-अडीच फुटी टाकीला चांगला स्पंज फिल्टर किंवा काठावर टांगायचा हँग-ऑन फिल्टर पुरतो
- थर्मामीटर, आणि थंडी पडणाऱ्या गावात हीटर
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि जीएच (म्हणजे पाण्याचा जडपणा) मोजायचे थेंबांचे टेस्ट किट
- अँटी-क्लोरिन
- फक्त माशांसाठी ठेवलेल्या दोन बादल्या, ज्यांना साबण कधीच लागणार नाही
- पाणी उपसायची नळी, जाळी, आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप

सजावटीचा खजिना, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या वगैरे नंतर घेता येतो. टेस्ट किट आधी घ्या. ते महाग वाटतं म्हणून लोक टाळतात आणि त्याच्या दुप्पट पैशांचे मासे दोन महिन्यांत घालवतात.

१. आपलं पाणी कोणत्या जातीचं आहे ते पाहा

धरणाचं, म्हणजे पावसाचं साठवलेलं पाणी बहुतेक वेळा मऊ असतं. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाचं आणि पुण्याच्या जुन्या भागांना खडकवासल्याचं पाणी मिळतं, ते या प्रकारचं. बोअरवेलचं पाणी खडकातून झिरपत येतं आणि येताना कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत आणतं, म्हणून ते जड. नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो का? गीझर दरवर्षी साफ करावा लागतो का? साबणाला फेस कमी येतो का? तसं असेल तर पाणी जड आहे.

हा अंदाज झाला. खरा आकडा जीएच किटने काढा. ४-५ अंशांपर्यंत मऊ, ६ ते १० मध्यम आणि १२ च्या पुढे जड, एवढं नवख्या माणसाला पुरतं.

इथे एक फसगत होते. टीडीएस मीटर स्वस्त असतो म्हणून लोक तेवढ्यावरच भागवतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं काही, त्यात मीठही आलं. अनेक सोसायट्यांत मिठावर चालणारा सॉफ्टनर बसवलेला असतो. तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतो. त्यामुळे जडपणा उतरतो, टीडीएस मात्र जवळपास तेवढाच राहतो. अशा पाण्यात मीटर ६०० दाखवेल आणि जीएच २ निघेल. वॉचमनला किंवा सेक्रेटरीला विचारून घ्या की असा सॉफ्टनरचा प्लँट आहे का. असेल तर माशांसाठी पाणी प्लँटच्या आधीच्या नळावरून मिळतं का तेही पाहा.

दुसरी फसगत आरओच्या पाण्याची. "प्यायचं शुद्ध पाणी माशांना घालू" असं प्रेमाने केलं जातं. निव्वळ आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे त्याचा पीएच स्थिर राहत नाही आणि एखाद्या रात्रीत कोसळू शकतो. जड पाणी थोडं मऊ करायला नळाच्या पाण्यात आरओ मिसळतात, ते ठीक. पण दर आठवड्याला ते मापून करण्याची तयारी हवी. पहिल्या टाकीला मी म्हणेन, घरात जे पाणी येतं त्याला मानवणारे मासे घ्या. पाणी माशांच्या मागे धावत बदलत बसलात तर दोन महिन्यांत कंटाळाल.

२. टाकीचं माप आणि जागा

लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजून गुणाकार करा आणि ६१ ने भागा. उत्तर लिटरमध्ये येतं. २४ × १२ × १५ इंची टाकी म्हणजे ४३२० ÷ ६१, साधारण ७० लिटर. तळाची वाळू आणि वर सोडलेली जागा वजा जाता प्रत्यक्षात ६० लिटर धरा. ३६ × १५ × १५ ची टाकी १३० लिटरच्या पुढे जाते.

छोटी टाकी सोपी, हा समज खरा नाही. पाणी जितकं कमी, तितकी छोटी चूक मोठी होते. चिमूटभर जास्त पडलेलं खाणं ६० लिटरमध्ये पचून जातं, १० लिटरच्या वाडग्यात त्याने मासे मरतात. त्यामुळे दोन फुटांच्या खाली जाऊ नका. उंच टाकीपेक्षा लांब टाकी बरी, कारण मासे आडवे पोहतात आणि हवा पाण्याच्या पृष्ठभागावरून मिसळते.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ७० लिटरची टाकी काच आणि वाळू धरून ९० किलोच्या आसपास जाते. टीव्हीचं कपाट हे वजन पेलणार नाही. खिडकीतलं थेट ऊनही नको, आठवड्यात शेवाळ धरतं आणि मे महिन्यात पाणी तापतं.

३. टाकी आधी पिकू द्या

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो. तो माशांचे कल्ले जाळतो. फिल्टरमध्ये कालांतराने असे जिवाणू वसतात जे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच. नायट्रेट मासे बरंच सोसतात, आणि ते आपण पाणी बदलून काढतो. नव्या टाकीत हे जिवाणूच नसतात. "नवीन टाकी, पाणी अगदी काचेसारखं, तरी मासे मेले" याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच असतं.

करायचं असं. टाकी भरा, अँटी-क्लोरिन घाला, फिल्टर चालू करा आणि मासे न घालता रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका. ते कुजून अमोनिया देईल. दोन-तीन दिवसांनी किटने मोजत राहा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरून नायट्राइट चढेल, मग दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागेल. चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीत कुणाची निरोगी जुनी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा वापरलेला स्पंजाचा तुकडा ओल्या पिशवीत घेऊन या आणि आपल्या फिल्टरमध्ये खोचा, काम निम्म्या वेळात होतं. माझ्या दुसऱ्या टाकीला एका मित्राने असाच तुकडा दिला होता. मळकट, चिकट, हातात धरवेना असा. त्या तुकड्याइतकी उपयोगी भेट मला या छंदात दुसरी मिळालेली नाही.

पाणी जड असणाऱ्यांनी इथे विशेष सांभाळा. जड पाण्याचा पीएच सहसा ८ च्या आसपास असतो. पीएच ७ वरून ८ झाला की तेवढ्याच अमोनियातला विषारी हिस्सा जवळजवळ दहापट होतो. किटवर अमोनिया "थोडासाच" दिसत असला तरी पीएच ८ ला तो थोडासा नसतो.

४. कोणाचं कोणाशी जमतं

आता खरं निवडायचं काम. एखादा मासा आवडला की त्याच्याबद्दल पुढच्या गोष्टी तपासा. पहिली गोष्ट नापास झाली तर पुढच्या बघायचीही गरज नाही.

*पाणी.* गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे पिल्लं देणारे मासे जड पाण्यात खुलतात. मऊ पाण्यात मॉली पर आवळून एका जागी डुलत राहते, हे आजाराचं लक्षण आहे. याउलट निऑन, कार्डिनल, रमीरेझी हे दक्षिण अमेरिकेतल्या मऊ, किंचित आम्ल पाण्यातले. मधल्या पाण्यात बरेच जण जमवून घेतात: चेरी बार्ब, हार्लेक्विन रास्बोरा, झेब्रा डॅनिओ, ब्राँझ कोरीडोरा, हनी गुरामी.

गप्पींबद्दल एक गैरसमज काढून टाकायला हवा. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याची माणसं विहिरीत, हौदात, डबक्यात गप्पी सोडतात, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं. त्यावरून "गप्पी कुठेही जगतो" असं वाटतं. हौदातला तो करडा, काटक गप्पी वेगळा. दुकानातला मोठ्या शेपटीचा रंगीत गप्पी पिढ्यान्‌पिढ्या रंगासाठी निवडत आणलेला असतो, तो नाजूक झालेला आहे. त्याला पिकलेली टाकीच लागते.

*तापमान.* बहुतेक उष्णकटिबंधीय माशांना २४ ते २७ अंश हवं. गोल्डफिश थंड पाण्याचा, डिस्कसला २८ ते ३०. त्यांना एकत्र ठेवणं म्हणजे दोघांपैकी एकाला कायम त्रासात ठेवणं. पुणे-नाशिकला डिसेंबरच्या रात्री पाणी १८ पर्यंत उतरतं. झेब्रा डॅनिओ आणि रोझी बार्ब ते सोसतात, निऑन आणि एंजलना हीटर लागतो. विदर्भात प्रश्न उलटा. मे महिन्यात टाकीचं पाणी ३३-३४ जातं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तिथे माशांची संख्या कमी ठेवा आणि झाकण थोडं उघडून पृष्ठभागावर छोटा पंखा लावा.

*तोंड.* जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो आज ना उद्या त्याच्या पोटात जातो. यात रागलोभ काही नाही. एंजल दुकानात रुपयाच्या नाण्याएवढा असतो आणि निऑनबरोबर सभ्यपणे पोहतो. सहा महिन्यांत त्याचं तोंड निऑनएवढं होतं. त्यामुळे आजच्या मापावर निवडू नका, पूर्ण वाढलेल्या मापावर निवडा.

*पर.* लांब, झिरझिरीत पर असलेल्या माशांजवळ पर कुरतडणारे नकोत. गप्पी, एंजल आणि फायटर एका बाजूला, टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा दुसऱ्या बाजूला. काळ्या झालरीचा विडो टेट्राही कधीकधी हे करतो. टायगर बार्बला दोन-चारच्या संख्येत ठेवलं की ते शेजाऱ्यांच्या मागे लागतात. दहाजण असले तर बहुतेक वेळ आपापसातच पाठशिवणी खेळतात. मला हा मासा फार आवडतो, पण त्याची टाकी वेगळी हवी आणि तीन फुटी हवी.

*घोळका.* टेट्रा, बार्ब, रास्बोरा, डॅनिओ, कोरीडोरा हे घोळक्याने राहणारे. एकाच जातीचे किमान सहा, आठ-दहा असले तर आणखी बरं. "प्रत्येकाची एक जोडी द्या" ही नवख्यांची सगळ्यात नेहमीची मागणी, मीही तेच केलं होतं. दोन निऑन रोपांमागे लपून बसतात, फिके पडतात, खात नाहीत. तेच दहा निऑन टाकीभर एका लयीत फिरतात. कोरीडोरामध्ये तर दोन ब्राँझ, दोन पेपर्ड, दोन पांडा असं मिसळूनही चालत नाही. ते आपल्याच जातीशी नीट जमतात. थोड्या जाती आणि जास्त संख्या, असं ठेवा.

*नर-मादी.* गप्पी-मॉलीमध्ये एका नराला दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर एकाच मादीचा पिच्छा पुरवून तिला दमवतो. आणि पिल्लांचं काय करणार हेही आधीच ठरवा. मादी एकदा फळली की पुढे कित्येक महिने नराशिवायही पिल्लं देत राहते. पिल्लं नको असतील तर फक्त नर गप्पी घ्या, रंगीत तेच असतात. ड्वार्फ गुरामीचे दोन नर छोट्या टाकीत भांडतात, एकच ठेवा. फायटर नर टाकीत एकच, हे तर बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच्यासोबत मोठ्या शेपटीचे गप्पीही नकोत. तो त्यांना दुसरा फायटर समजून झडप घालतो.

*थर.* काही मासे वर फिरतात (गप्पी, डॅनिओ, गुरामी), काही मध्ये (टेट्रा, बार्ब, रास्बोरा), काही तळाशी (कोरीडोरा, लोच). तिन्ही थर वाटून दिले तर टाकी भरलेली दिसते आणि गर्दी होत नाही. तळाला कोरीडोरा ठेवणार असाल तर धारदार खडी नको, बारीक गुळगुळीत वाळू घाला. ते वाळूत तोंड खुपसून खातात आणि खडीने त्यांच्या मिशा झिजतात. कोरीडोरांना उरलंसुरलं खाऊन राहणारे सफाई कामगार समजू नका. दिवे मालवल्यावर तळाला बुडणाऱ्या गोळ्या त्यांच्यासाठी वेगळ्या टाका.

५. पहिल्या टाकीत हे नकोत

सकर. काच साफ करतो म्हणून जवळजवळ प्रत्येक नवख्याला दिला जातो. दोन इंचाचा असतो, वाढून फूट-दीड फुटाचा होतो आणि जितकी घाण खातो त्याहून जास्त करतो. मोठा झाल्यावर लोक तो तळ्यात नाहीतर नदीत सोडून येतात. देशातल्या अनेक नद्या-जलाशयांत हा मासा आता पसरला आहे. त्याच्या खरबरीत, काटेरी अंगाने मासेमारांची जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. कृपा करून टाकीतला कुठलाही मासा ओढ्यात, तळ्यात, विहिरीत सोडू नका. दुकानदाराला परत द्या, ओळखीत द्या. शेवाळासाठी दिवा रोज सहा-सात तासांवर आणा. जड पाण्यात नेराइट गोगलगाय उत्तम काम करते. सकरसारखाच हवा असेल तर ब्रिसलनोज घ्या, तो चार-पाच इंचांवर थांबतो.

"शार्क" नावाने विकले जाणारे मासे. बाला शार्क फूटभर होतो. तो पांढरा किंवा राखाडी गुळगुळीत "शार्क" म्हणजे पंगेशियस, जो बाजारात खायला किलोवर मिळतो. रेड टेल कॅटफिश तर तीन फुटांच्याही पुढे जातो. दुकानात हे तिन्ही बोटाएवढे आणि फार गोड दिसतात.

ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना. वास्तूसाठी म्हणून घेतात. हे मोठे, शिकारी मासे आहेत. फ्लॉवरहॉर्न तर एकटाच ठेवावा लागतो.

रंगवलेले मासे. काचेसारख्या पारदर्शक माशाच्या अंगावर गुलाबी-हिरवा पट्टा दिसला किंवा विडो टेट्रा निळा-जांभळा दिसला तर तो रंग बहुधा सुईने टोचून किंवा रसायनात बुडवून दिलेला असतो. मासा यात अर्धमेला होतो. असा मासा विकत घेतला की पुढची खेप त्याच्यामुळेच येते, म्हणून मी ते घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नये अशी विनंती.

डेनिसन बार्ब, ज्याला "मिस केरला" म्हणतात. हा आपल्या पश्चिम घाटातल्या केरळ-कर्नाटकच्या नद्यांमधला. २०१३ मध्ये त्याच्यासाठी जी नवी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) नेमली तिचं नाव सह्याद्रीवरून "सह्याद्रिया" ठेवलं आहे. तांबडी-काळी रेघ, पिवळ्या-काळ्या टोकाची शेपटी, फार देखणा. पण छंदासाठी वर्षानुवर्षं नद्यांतून पकडला गेल्याने निसर्गात तो धोक्यात आहे. शिवाय त्याला चार फुटी टाकी आणि वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी हवं. हाताला सवय झाल्यावर, आणि तोही पैदास केंद्रातला आहे अशी खात्री करूनच घ्या.

६. तीन जोडण्या, ज्या मी स्वतः ठेवून पाहिल्या आहेत

जड पाणी, ७० लिटर: आठ नर गप्पी, चार नर प्लॅटी, तळाला सहा ब्राँझ कोरीडोरा आणि दोन नेराइट गोगलगायी. वाघोलीत माझी हीच टाकी आहे. जीएच १५ च्या वर असेल तर कोरीडोरा वगळा.

मऊ पाणी, ७० लिटर: दहा निऑन किंवा एंबर टेट्रा, सहा कोरीडोरा, एक हनी गुरामी. निऑन सगळ्यात शेवटी, टाकी दोन-तीन महिने जुनी झाल्यावर घाला. नव्या टाकीत ते टिकत नाहीत.

हीटर लावायचा नाही, टाकी तीन फुटी आणि पाणी मऊ ते मध्यम: दहा झेब्रा डॅनिओ, आठ रोझी बार्ब, सहा पेपर्ड कोरीडोरा. यातले पहिले दोन आपल्याच उपखंडातले. गंगेच्या खोऱ्यातले मासे नोंदवताना फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्या दोघांचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत ठेवला जातो तो हाच झेब्रा. ही टाकी सतत हलती राहते, घरातली लहान मुलं तिच्यासमोरून उठत नाहीत. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात मात्र पेपर्ड कोरीडोरा तग धरत नाहीत, तिथे ते नकोत.

"एक इंच मासा, चार लिटर पाणी" असा हिशेब सांगितला जातो. दीड-दोन इंची माशांपुरता तो ठीक. पण दहा इंचाचा एक मासा एक इंचाच्या दहा माशांच्या कितीतरी पट घाण करतो. मोठ्या माशाला हा हिशेब लावू नका.

७. दुकानात

मुंबईत कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला गेलात तर पहिली फेरी रिकाम्या हाताने मारा. नुसतं बघा. आपल्याकडे येणारे बरेच मासे चेन्नईच्या कोळथूरहून आणि कोलकात्याहून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून येतात, आणि प्रवासाने दमलेले असतात. "हा माल कधी आला?" असं सरळ विचारा. काल आलेला मासा आज घेऊ नका. आठवडाभर दुकानात तगलेला घ्या. गर्दीची वेळ सोडून गेलात तर दुकानदारही निवांत बोलतो.

हवा असलेला मासा बघायच्या आधी त्याच्या टाकीतले इतर मासे बघा. एकावर जरी मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके असतील, एक जरी मेलेला तळाशी असेल, तर त्या टाकीतलं काहीच नको. पर आवळलेले, पोट आत गेलेलं, पृष्ठभागावर येऊन धापा टाकणारे, कोपऱ्यात एकटे उभे असलेले सोडून द्या. थोडं खाणं टाकायला सांगा. झेपावून खाल्लं तर तो मासा घ्यावा.

आणि हे दोन प्रश्न विचाराच: "हा पूर्ण वाढला की किती इंच होतो?" आणि "तुमच्याकडे पाणी बोअरचं की नळाचं?" दुसऱ्या प्रश्नाला दुकानदार जरा थबकतात. पण दुकानाचं पाणी तुमच्यासारखंच असेल तर माशांचं निम्मं काम झालेलं असतं.

८. घरी आणल्यावर

शक्य असेल तर नवे मासे २०-२५ लिटरच्या टबमध्ये, पिकलेल्या स्पंज फिल्टरसह दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा. पांढरे ठिपके घरात शिरतात ते याच क्षणी. आधी मासे नसलेल्या टाकीत पहिलीच खेप असेल तर टबची गरज नाही.

टाकीचा दिवा बंद करा. पिशवी बंदच ठेवून १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतलं अर्धी वाटी पाणी पिशवीत घाला. दुकानाचं आणि घरचं पाणी फार वेगळं असेल तर हे तासभर करा. शेवटी मासा जाळीने उचलून टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत ओता. त्या रात्री खाणं देऊ नका.

सगळे मासे एका दिवशी आणू नका. आधी काटक जात, तीही पाच-सहाच. दोन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट शून्य राहिले तर पुढची खेप. जो मासा टाकीत हद्द आखतो, म्हणजे गुरामी वगैरे, तो शेवटी. आधी आला तर सगळी टाकी स्वतःची समजतो आणि पुढच्यांना हाकलतो.

९. पहिले तीन महिने

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मासे कायम भुकेले दिसतात, काचेशी येऊन नाचतात, तरी हात आवरा. घरी पाहुणे-मुलं असतील तर डबा उंचावर ठेवा.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. नळाचं पाणी बादलीत एअर स्टोन लावून २४ तास ठेवलं की क्लोरिन उडून जातो, घाई असेल तर अँटी-क्लोरिन. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका, क्लोरिनने ते जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळला की पुरे.

वीज दोन तासांहून जास्त गेली तर बॅटरीचा पंप लावा आणि वीज येईपर्यंत खाणं बंद. रोज सकाळी दिवा लावला की मासे मोजायची सवय लावून घ्या. एखादा कमी भरला तर लगेच शोधा. मेलेला मासा दिवसभर राहिला तर अमोनिया चढतो. एखाद्याच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले तर तो एकटाच आजारी आहे असं समजू नका, सगळ्या टाकीला औषध करावं लागतं. औषधाची बाटली उघडण्याआधी मात्र पाणी मोजा. धापा टाकणाऱ्या माशाला बहुतेक वेळा औषध नको असतं, पाणी बदलून हवं असतं.

आणि मार्च-एप्रिलमध्ये सोसायटीत टँकर सुरू झाले, किंवा पावसाळ्यात बोअरऐवजी नळाचं पाणी सुटलं, की त्या आठवड्यात पाणी बदलण्याआधी बादलीतल्या पाण्याचा जीएच पुन्हा मोजा. फरक मोठा निघाला तर पाव टाकी एकदम न बदलता रोज एक तांब्या-दोन तांबे असं आठवडाभरात बदला. आमच्या वाघोलीच्या टाकीजवळ भिंतीवर एक कॅलेंडर आहे, त्यावर प्रत्येक टँकरच्या तारखेपुढे जीएचचा आकडा पेन्सिलने लिहिलेला असतो.